भाडेकरूचा खिळा

बुलढाण्यात देऊळघाट रस्त्याला घर बांधून आम्ही वरच्या मजल्यावर राहायला गेलो. वर्षभरानं खालच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या. घरमालक व्हायची माझी ही पहिलीच वेळ. भाडेकरार कसा करायचा, लाइटचं मीटर वेगळं घ्यायचं का, सगळं मी भेटेल त्याला विचारून घेतलं होतं. पण रोहिणखेडहून आलेल्या शिंपीकाम करणाऱ्या भाडेकरूनं सामान लावता लावता भलतंच विचारलं, "काका, घड्याळ टांगाचं हाये. भितीले खिळा ठोकू का?"

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं! भिंतीचा रंग अजून कोरा होता. एक खिळा गेला की पाठोपाठ दहा जाणार. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मधेच वाटलं, आमच्या जुन्या घरमालकानं मला काय उत्तर दिलं असतं? इतकी वर्षं भाड्यानं राहिलो, पण विचारायची हिंमतच झाली नाही. कॅलेंडर आम्ही खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधायचो.

"ठोक ना, मले काय विचारतो!" मी जरा चिडूनच म्हणालो.

त्यानं खिळा ठोकला. घड्याळ कसं दिसतं ते मी दारातून वाकून पाहिलं. झकास दिसत होतं. मग जिना चढून वर आलो आणि तारीख पाहायला सवयीनं खिडकीकडे वळलो. आमचं कॅलेंडर गजालाच बांधलेलं होतं.