पहिले दोन रिकामे

दुपारचे साडेतीन. पंख्याखाली जरा पाठ टेकली आहे. उशाशी भाच्याकडून मागून आणलेला मोठा कॅमेरा आणि त्याचं माहितीपुस्तक. पाच वाजता समोरच्या शेडबाळकरांच्या रेवतीचं डोहाळजेवण, आणि फोटो मी काढायचे आहेत. पन्नाशीत पहिल्यांदा कुणी मला बोलावलंय. रेवतीच्या सासूची अट एकच, फोनवर नको, खरा कॅमेरा आणा. पुस्तकाच्या चौथ्या पानावर डोळे मिटतात.

मिटतात तर समोर अण्णा, माझे सासरे. जाऊन अकरा वर्षं झाली; कराडच्या स्टँडसमोरचा त्यांचा स्टुडिओ त्याआधीच गेला. आमची निजायची खोली आता तोच स्टुडिओ आहे. पडद्यावर रंगवलेल्या तळ्यात खरी बदकं पोहतायत. अण्णा कॅमेऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना माझा फोन हवाय. ह्यात रोल किती मावतो, विचारतात. हजारो फोटो, मी सांगते. त्यांचा चेहरा पडतो.

"मग थांबायचं कधी?"

खरं आहे. कालच मी कढीपत्त्याचे एकशेचाळीस काढलेत.

ते सांगतात, पहिले दोन मी रिकामेच मारायचो. नुसता फ्लॅश. रोल वाचायचा आणि समोरचा माणूस श्वास सोडायचा. मग तिसरा. मी म्हणते, पंधरा वर्षं मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाहीत, गिऱ्हाइकांच्या कॉलरी नीट करायला ठेवलंत. अण्णा तळ्यात पाय सोडून बसलेत. तळ्याच्या काठाला एसटीचा फलाट लागलाय.

"कॉलर नीट करून तू दाराशी उभी राहायचीस नि 'आता' म्हणायचीस. त्यावर मी बटण दाबायचो, सूनबाई. हे तुला सांगितलं असतं तर माझं काय उरलं असतं?"

माझ्या छातीत ताशा वाजायला लागतो. भांडावं की नाचावं कळत नाही.

"माझा काढ," ते म्हणतात. "कुणी धड काढलाच नाही."

तळव्याने फोनचं भिंग झाकून मी एक रिकामा मारते. आणखी एक. अण्णा पोट आत ओढून ताठ. मी थांबते. पोट सुटतं, ते हसतात. आता, मी म्हणते, आणि या वेळी बोटही माझंच असतं.

जाग येते तेव्हा चारला पाच कमी. फोन मुठीत. त्यात तीन नवे फोटो. दोन काळेकुट्ट. तिसऱ्यात खिडकीजवळची रिकामी खुर्ची, डावीकडून ऊन, आणि तिच्या उशीला मधोमध खळगा, कुणी नुकतंच उठून जावं तसा.

कॅमेरा भाच्याला परत द्यायला पिशवीत घालते, फोन चार्जिंगला लावते. रेवतीच्या सासूला काय सांगायचं ते जिना उतरताना बघू. खुर्चीवरची उशी मात्र झटकत नाही.