गौरवअंकातलं आत्याचं पान

बाबा साठ वर्षांचे झाले तेव्हा आमच्या वाचनालयाने त्यांच्यावर एक गौरवअंक काढायचं ठरवलं. बाबा भिवंडीतल्या मराठी शाळेत शिक्षक होते आणि कथा लिहीत. तीन संग्रह निघाले होते. अंक ठरवणारे पुष्कळ होते, पण लेख गोळा करायचं काम आलं माझ्याकडे. मी तेव्हा कशेळीला एका गोडाऊनच्या ऑफिसात टायपिंग करत होते. लग्न व्हायचं होतं, रविवार मोकळे होते.

पहिला लेख मिळाला चाचांचा. चाचा बाबांचे सगळ्यात जुने मित्र. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा कापड विणायच्या लूमचा कारखाना. मराठी उत्तम बोलत, पण लिहिणं फक्त उर्दूत. म्हणून ते बोलले आणि मी उतरवून घेतलं. शुक्रवारी लूम बंद असत, तेव्हा बाबा नवी कथा घेऊन कारखान्यात जात आणि गप्प उभ्या लूमच्या मधल्या बोळात खुर्ची टाकून चाचांना वाचून दाखवत.

"लिही बेटा," चाचा म्हणाले, "मास्तर वाचतात तेव्हा मी त्यांच्या कानांकडे बघतो. जिथे त्यांनी मनाचं काही घुसडलेलं असतं, तिथे कान लाल होतात. मग मी म्हणतो, मास्तर, ये वाला हिस्सा फिरसे लिखो."

आई मात्र लिहायला तयार नव्हती. "मी काय लिहू? मी घरात असते," एवढंच. शेवटी एके दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "हे लिही. ते लिहायला बसले की मी मिक्सर लावत नाही. बारा लूमचा आवाज त्यांना चालतो, माझा मिक्सर चालत नाही." मी तेवढंच छापलं. अंकात तेच सगळ्यांना आवडलं.

राहिली आत्या. बाबांची धाकटी बहीण, पडघ्याला एकटी राहायची. भात लावायची, वांगी-भेंडी काढून बाजारात बसायची. ती आमच्याकडे येत नसे आणि बाबा तिच्याकडे जात नसत. मी नववीत असताना हे सुरू झालं. कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. आईला विचारलं की ती म्हणे, "बहीण-भावांचं आहे, आपण मधे पडू नये."

मी बाबांना न सांगता पडघ्याला गेले. आत्या अंगणात भेंडीच्या जुड्या बांधत होती.

"ये बाय," म्हणाली. पाणी दिलं. मी अंकाचं सांगितलं. तिने हातातली जुडी बांधून टोपलीत टाकली. मग म्हणाली, "तुज्या बापाची ती उंबऱ्याची गोष्ट वाचलीस का तू?"

वाचली होती. बाबांची सगळ्यात नावाजलेली कथा. सासरच्यांनी घालवून दिलेली एक बाई माहेरच्या उंबऱ्यावर रडत बसते, आणि भाऊ येऊन तिला हाताला धरून आत नेतो. ती आत्याची असेल असं मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

"हितल्या शाळंतल्या गुरुजीनं मला वाचून दावली," आत्या म्हणाली. "मंग बाजारात बाया माज्याकडं अशा बघाया लागल्या. बिचारी, बिचारी. तवापास्नं मी त्येच्याशी बोलनं सोडलं. मी कदी रडत आले? मला कोनी घालवलं न्हाय. मीच निघाले. माजी भांडी पोत्यात भरली, सासूच्या समोर भरली, आनी यष्टीत बसले. तवा तुजा बाप हितंच ऱ्हायचा, पन मी आले तवा घरात नव्हता. मी कुलूप उघडलं, चूल पेटवली, भात टाकला. तो आला तवा मीच त्याला जेवाया वाढलं."

"मग तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"त्यानं इचारलं का?"

मग तीच म्हणाली, "हे लिव तुज्या अंकात. जसं बोलले तसं लिव. शुद्ध-बिद्ध करू नको."

परत येताना एसटीत मला धास्ती वाटत होती. गौरवअंकात हे कसं छापायचं? चाचांना विचारलं. ते म्हणाले, "छाप. पण आधी मास्तरांना दाखव. लोकांसमोर त्यांना पहिल्यांदा कळू नये."

छापखान्यातून तपासायला मुद्रितं आली तेव्हा मी ते पान बाबांपुढे ठेवलं. बाबा हातात लाल पेन घेऊनच वाचत. जन्माची सवय. आईच्या चार ओळींतही त्यांनी एक स्वल्पविराम घातला होता. आत्याचं पान त्यांनी दोनदा वाचलं. पेन टेकवलं नाही.

"ती अशीच बोलली?"

"अशीच."

ते उठून गॅलरीत गेले. आई चहा घेऊन गेली आणि कप तसाच घेऊन परत आली.

पुढच्या रविवारी बाबा पडघ्याला निघाले. मला बरोबर चल म्हणाले. आत्याने दारातून पाहिलं आणि आत वळून सरळ चुलीकडे गेली. आम्ही ओटीवर बसलो. तिने चहा आणून ठेवला.

बाबा म्हणाले, "मी तुला विचारायला हवं होतं."

"मंग आता इचार," आत्या म्हणाली.

आणि बाबांनी विचारलं. भांडी कोणती होती, पोतं कुठून आणलं, सासू काय म्हणाली. आत्या सांगत गेली, मधेमधे हसतही होती. सासूच्या हातातून तिने तवा कसा ओढून घेतला ते सांगताना तर तिला धाप लागली. बाबांनी वही आणली नव्हती. नुसते ऐकत होते. दुपारी आम्ही तिथेच जेवलो आणि संध्याकाळच्या गाडीने परतलो.

ती कथा बाबांनी पुन्हा लिहिली. तीन महिने लागले. आधी चाचांना वाचून दाखवली, मग पडघ्याला जाऊन आत्याला. आत्याने दोन ठिकाणी थांबवलं. एका ठिकाणी बाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते काढायला लावलं. बाबांनी तिथल्या तिथे काट मारली. संग्रहाच्या नव्या आवृत्तीत दोन्ही कथा एकापुढे एक छापल्या, कारण बाबा म्हणाले, जुनी लपवली तर तेही खोटंच होईल.

अंक आत्याच्या पानासकट निघाला, आणि तो प्रकाशित झाला त्या बाबांच्या सत्काराला आत्या आली होती. नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत, आईच्या शेजारी बसली. भाषणं लांबली तशी तिला पेंग आली. आईने तिचं डोकं हलकेच आपल्या खांद्यावर घेतलं, आणि बाबा बोलायला उठेपर्यंत तिला झोपू दिलं.