फोटोपुरती सनई

बिबवेवाडीतल्या एका मंगल कार्यालयाच्या दारात सनईवाले काका बसायचे. डोक्याला फेटा, अंगात जरीचा अंगरखा, ओठांना सनई. सूर मात्र वरच्या स्पीकरमधून यायचा. काकांना ठेवलं होतं ते फोटोपुरतं.

‘आपलं संगीत, आपली पुस्तकं वाचवा’ अशी पत्रकं मी तिथे वाटायचो. एकदा त्यांनाही दिलं.

“छापलंय छान. पुस्तकं इथे आहेरात येतात की! नंतर खुर्च्यांखाली सापडतात.”

“आणि हल्लीची गाणी, काका?”

“चांगली असतात हो. निदान वाजतात तरी.”

माझं डोकंच फिरलं. “मग तुम्ही वाजवत का नाही?”

त्यांनी सनईचं तोंड दाखवलं. ज्यातून सूर निघतो ती पत्तीच नव्हती. “रेकॉर्डिंगशी भांडते म्हणून मॅनेजरनी काढायला लावली.”

आत यजमान माइकवरून भारतीय संस्कृती जपल्याबद्दल स्वतःचंच कौतुक करत होते. तेवढ्यात वीज गेली. स्पीकर गप्प झाला.

“काका, वाजवा आता!” मी ओरडलोच.

त्यांनी खिशातून पत्ती काढून जिभेवर धरली. कोरडी पत्ती बोलत नाही, ती आधी भिजावी लागते. ते डोळे मिटून थांबले. मीही थांबलो.

पत्ती भिजायच्या आत जनरेटर सुरू झाला, आणि स्पीकरमधली सनईही. काकांनी पत्ती पुसून खिशात ठेवली आणि मुकी सनई पुन्हा ओठांना लावली.

संस्कृतीवर मी अजूनही तावातावाने बोलतो. त्यांचा सूर कसा होता, ते मात्र मला सांगता येणार नाही.