हानेके आजींचं अर्धं राहिलेलं नाटक

भुताखेतांच्या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे — कारण आजवरची सगळी भुतं मीच तयार केली आहेत! इथे हॉलंडात, आइंडहोवनच्या मराठी मंडळींना विचारा. वाऱ्याने सायकलसकट उचलून कालव्यापलीकडे अलगद ठेवलेला माणूस तो मीच. त्यामुळे पुढचं कुणाला खरं वाटणार नाही... आणि तक्रार करायला मला तोंडही नाही.

इथल्या जुन्या सामानाच्या दुकानातून मी एक लाकडी व्हॉल्व्हचा रेडिओ आणला. आतलं सगळं काढून ब्लूटूथ स्पीकर बसवला. पाहुणे आले की स्वयंपाकघरातून गुपचूप फोनवर जुनी रेकॉर्डिंग्ज लावायची आणि ठोकून द्यायचं, "हा सत्तर वर्षांपूर्वीचे कार्यक्रम पकडतो!"

शेजारच्या हानेके आजी, ऐंशी पार, एका रविवारी संध्याकाळी कॉफीला आल्या आणि रेडिओपाशी थबकल्या.

"आमच्या समुद्रकाठच्या झेलंडच्या घरी अगदी असाच होता. बाबा रोज संध्याकाळी इंग्लंडचं स्टेशन लावायचे. लागतं का रे अजून?"

"लागतं म्हणजे? लंडन शेजारच्या खोलीत असल्यासारखं!"

मी एक जुना ऑर्केस्ट्रा लावला. आजींनी डोळे मिटले. माझ्या बायकोने, केतकीने, मला चिमटा काढला. "खरं सांग त्यांना. म्हाताऱ्या माणसाला काय फसवतोस?"

"अगं, खूश आहेत त्या!"

पुढच्या रविवारी आजी मोत्यांची माळ घालून आल्या.

"आज ते दीपगृहाचं नाटक लाव. अर्ध्यावर आलं होतं आणि दारावर थाप पडली, समुद्र चढतोय म्हणून. बाबांनी रेडिओ बंद केला. म्हणाले, दिवा कॅप्टनच्या बायकोनेच विझवलाय, आल्यावर सांगतो कसा ते. बांधावर गेले... आलेच नाहीत."

तेव्हा तरी तोंड उघडावं की नाही? मी स्वयंपाकघरात पळालो आणि फोनवर हाताला लागलं ते जुनं इंग्रजी नाटक लावलं. इतक्या वर्षांनी कुणाला आठवतंय!

शांतता. अर्धं मिनिट तरी. मग रेडिओतून घरघर — आणि निवेदकाचा खणखणीत आवाज. हुश्श! बाहेर येऊन बघतो तर आजी पात्रांबरोबर वाक्यं पुटपुटताहेत. मध्येच थांबल्या. पुढचं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. शेवटी कॅप्टनच्या बायकोने रडत कबुली दिली.

"बाबा बरोबर होते," म्हणत आजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला. आणि मी निर्लज्ज म्हणतो, "त्यात काय एवढं, आजी!"

सात वाजता आमची मुलगी युट्रेख्टहून, मैत्रिणीकडून परतली. बॅगेतून रेडिओतला स्पीकर काढत म्हणाली, "सॉरी पप्पा, आय टुक इट."

फोन पाहिला. नाटक शून्य सेकंदावर थांबलेलं. रेडिओचा मागचा पुठ्ठा काढला. आत नुसती धूळ... आणि लाकूड गरम.

दुसऱ्या दिवशी केतकीने मला अक्षरशः ढकलत आजींच्या दारात उभं केलं. मी सगळं सांगितलं. एकही शब्द न फुगवता.

"पहिला रविवार खोटा होता, ते माहीत होतं मला," आजी म्हणाल्या. "व्हॉल्व्ह तापल्याशिवाय आवाज येत नाही, आणि तापायला वेळ लागतो रे. तुझा रेडिओ लगेच वाजायला लागला. काल मात्र तापायला वेळ लागला."

"माहीत होतं, तरी परत आलात?"

"रविवारची संध्याकाळ फार मोठी असते. आणि तू गप्पा छान मारतोस."

मला जमीन गिळेल तर बरं, असं झालं.

ऑफिसातल्या चार इंजिनियरांना विचारलं, कुणालाच उलगडा होत नाही. मला तर नाहीच नाही. आजी अजून दर रविवारी येतात. रेडिओ मुका आहे. जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे एक खरी गोष्ट आहे, आणि ती सांगताना मान वर होत नाही.