समेवरची ‘वा’

आमच्या मामाजींनी उभ्या जन्मात गाणाऱ्यावाचून दुसऱ्या कुणाचं काही ऐकलं नाही. बायकोचं नाही, डॉक्टरचं नाही, सरपंचाचं नाही. आणि मी तर पडलो जावई, म्हणजे माझं ऐकायचा सवालच नव्हता. मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे मामा. डोणगावला राहतात, सोयाबीन-तूर करतात, संत्र्याची थोडी झाडं आहेत. मी मेहकरला रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचो. आता त्याच दुकानात मोबाइलची कव्हरं आणि ब्लूटूथचे डबे विकतो. गाणं घरोघरी पोचवणाऱ्या यंत्रांवर माझं पोट, आणि नेमका त्याच यंत्रांवर मामाजींचा दात. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, “जवाई, धंदा काय करता?” मी छाती काढून म्हणालो, रेडिओ दुरुस्त करतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं सोयरीक मोडते आता. मग हळहळून म्हणाले, “म्हंजे जित्या माणसाचं गाणं ऐकाले तुमाले टाइमच नसन!”

आता इतका गाण्याचा सोस असलेला माणूस स्वतः काय गातो, असं कोणी विचारेल. काही नाही. आरतीतसुद्धा ते अशा सुरात शिरतात की मामी कोपरानं ढोसते. वाजवायचं म्हणाल तर टाळही धड वाजत नाही. त्यांना एकच गोष्ट यायची, दाद देणं. ताल फिरून फिरून जिथं परत येतो ती सम. गाणारा कुठंही हुंदडून येवो, त्याला तिथं अचूक परतावंच लागतं. तो परतला की त्याच क्षणी मामाजींचा उजवा हात मांडीवर पडायचा आणि तोंडातून निघायचं, “वा!” किंचित आधी नाही, किंचित नंतर नाही. आमच्या भागात खंजिरी भजनाच्या स्पर्धा होतात. हातात मावेल एवढी खंजिरी, एका बाजूला चामडं ताणलेलं, आणि त्यावर चालणारी बोटं बघत राहावी अशी. या स्पर्धांना आलेली मंडळं सतरंजीवर बसली की माईक नंतर तपासायची, आधी मामाजी आलेत का ते बघायची. डोणगावच्या मंडळात खंजिरी वाजवणारा गजू, दिवसा ट्रॅक्टर चालवणारा दांडगा गडी, मला एकदा म्हणाला, “जवाईबुवा, परीक्षकायनं नंबर देल्ला तं बरं वाटते. पण काकानं वा नाही म्हटलं तं भाकर गोड लागत नाही.”

लग्नसराईत तर मामाजी घरात सापडायचेच नाहीत. कुठंही क्लॅरिनेट वाजलं की फवारणीचा पंप बांधावर ठेवून हे चालले. आमंत्रण-बिमंत्रण काही नाही. पंगतीला मात्र कधी बसायचे नाहीत. “जेवलो तं वऱ्हाडी झालो. मी श्रोता हावो,” असा त्यांचा कायदा. एका लग्नात वरात ऐन रंगात असताना यांनी नाचणाऱ्या पोरांपुढं दोन्ही हात पसरले आणि ओरडले, “थांबा बे जरासे, मानूस किती सुंदर वाजवून राह्यला, ऐकू तं द्या!” हा दरारा बघून मुलीच्या बापाला वाटलं, नवरदेवाचे थोरले फुवाजी, म्हणजे आत्याचे यजमान असावेत. त्यानं धावत येऊन टॉवेल-टोपी केली. मामाजींचं लक्ष क्लॅरिनेटवाल्याच्या बोटांकडे. टोपी कोणी घातली, कधी घातली, पत्ता नाही. मामीनं घरी विचारलं तेव्हा कुठं डोक्याला हात लावून बघितला.

यंत्रांशी त्यांचं वैर मात्र वरवरचं नव्हतं, त्यामागं विचार होता, आणि तो मला पटायला फार वर्षं लागली. घरात रेडिओ होता. त्यावर शास्त्रीय गाणं लागायचं तेव्हा मामाजी हातपाय धुऊन, सदरा घालून समोर मांडी घालून बसायचे. समेवर “वा!” म्हणायचे. मामी आतून म्हणायची, “त्याले ऐकू जाते का?” यावर मामाजी कळवळून म्हणायचे, “नाही ना जात! तेच तं दुखणं आहे.” मी हौसेनं टेपरेकॉर्डर नेऊन दिला. तीन दिवस ऐकला आणि चौथ्या दिवशी उचलून परत दुकानात. “जवाई, याच्यात काही तरी बिघाड आहे. काल जिथं तान घेतली, आज बी तिथंच घेते. मानूस असा असते का कुठं?” मी कपाळाला हात लावला. एकदा मीच हट्टानं गजूच्या मंडळाचं भजन टेप केलं आणि त्यांना ऐकवलं. त्यात भजन थोडं आणि मामाजींची “वा” जास्त. ते इतके ओशाळले की आठवडाभर कुठल्याच मैफिलीला गेले नाहीत. पुढं मेमरी कार्ड आलं. नखाएवढ्या तुकड्यात हजार गाणी आहेत असं मी सांगितलं, तर म्हणाले, “हजार? मंग निंदन कोण करन?” आणि कार्यक्रमात माणसं मोबाइल वर धरून बसायला लागली तेव्हा त्यांनी पुढच्या एका साहेबाच्या खांद्यावर टकटक करून विचारलं, “साहेब, हे घरी नेऊन पाह्यसान तं मंग इथं काऊन आले?” साहेबानं झटकन खाली घातला मोबाइल.

मग वरातीत डीजे आला आणि बँडवाले गेले. ट्रॉलीवर स्पीकरच्या भिंती चढल्या, घराघरातल्या फळीवरची भांडी नाचायला लागली. मामाजी म्हणायचे, हे गाणं नाही, हा रस्ता दाबाचा रोलर आहे. मेहकरचा क्लॅरिनेटवाला, ज्याच्यापायी यांनी अर्धी फवारणी वाया घातली, तो बसस्टँडपाशी फळांची गाडी लावायला लागला. मामाजी तालुक्याला आले की त्याच्याकडून केळी घ्यायचे आणि तो केळी मोजत असताना त्याच्या बोटांकडे बघत राहायचे. माझ्या दुकानाशी येऊन केळी माझ्या पुढ्यात आदळायचे. जसं काही डीजे मीच आणला होता! खरं सांगायचं तर त्याच्या वायरी, पिना माझ्याच दुकानातून जायच्या, त्यामुळे मीही गुमान केळी खायचो.

मामाजींच्या कानाला काही तरी होतंय, हे मला कळायला हवं होतं. रोज आवाजाच्याच भानगडीत असणारा माणूस मी. पूर्वी ते मुद्दाम मागं बसायचे, आवाज मोकळा होऊन येऊ द्यावा म्हणायचे. मग मधे बसायला लागले, मग पुढं, मग थेट सतरंजीच्या काठावर. मला वाटलं, मान वाढला. मग हिवऱ्याकडच्या एका गावात दुपारची स्पर्धा होती. मीच मोटारसायकलवर घेऊन गेलो होतो. एका मंडळाचं गाणं सुरू व्हायचं होतं, खंजिरीवाला नुसतं चामडं तपासत होता, एक थाप मारली, आणि मामाजींचा हात मांडीवर पडला. “वा!” लोक हसले. कोणी तरी म्हणालं, काकाची आज आधीच समाधी लागली. मीही हसलो, आता आठवलं की लाज वाटते. कारण पुढं भजन रंगात आलं आणि त्यांची दुसरी “वा” समेच्या चांगली एक पाऊल मागून आली. तिसरी भलत्याच जागी. गाणारा बिचकला. लोक या वेळी हसले नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं.

परतताना गाव मागं पडेपर्यंत मामाजी माझा खांदा धरून बसले होते. मग मागून म्हणाले, “जवाई, मी आज चुकलो का?” मी मान वळवून सांगितलं, नाही हो मामाजी, कुठं चुकले? तर म्हणतात, “मंग एवढ्या जोरात काऊन सांगून राह्यले?” मला पुढचा रस्ता दिसेना.

बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरला दाखवलं. नसा कमजोर झाल्यात, म्हणाले, यंत्र लावा. मी आयुष्यभर या माणसाच्या गळ्यात यंत्रं मारायला बघत होतो, शेवटी एक त्यांच्या कानात बसवलं. पहिल्या दिवशी घरी जत्राच झाली. मामाजींना कुकरची शिट्टी ऐकू आली, मामीच्या बांगड्या ऐकू आल्या, दारातल्या कुत्र्याची नखं फरशीवर वाजतात तेही ऐकू आलं. मामीकडे बघून म्हणाले, “वं, तू एवढं बोलतं?” मामी म्हणाली, “चाळीस वर्सं झाले बोलून राह्यली बाप्पा!” आम्ही पोट धरधरून हसलो. संध्याकाळी भजनाला गेले आणि अर्ध्या तासात उठून आले. पेटी वाजली की डब्यात खडे हलवल्यासारखं वाटतं, म्हणाले, आणि खंजिरी, पेटी, गळा, सगळं एकात एक कालवून येतं. मी यंत्र खालीवर करून दिलं, पुन्हा डॉक्टरकडे नेलं. बोललेलं थोडंफार कळायचं, गाणं काही येईना. पुढं बोललेलंही कानाशी ओरडल्याशिवाय कळेना, तेव्हा त्यांनी यंत्र काढून डबीत घातलं. “जे नव्हतं ऐकाचं ते सारं ऐकू येते. जे पाह्यजे तेच नाही येत,” म्हणाले, आणि डबी माझ्या हातात दिली. मी काय करणार होतो तिचं? दुकानात नेऊन ठेवली.

तरीही ते गावातल्या भजनाला जायचे. आणि मधे काही महिने एक नवल झालं. त्यांची “वा” परत जागेवर पडायला लागली. अगदी पहिल्यासारखी. मामी खूश, मी खूश, मामाजींच्या तोंडावर तर तेज आलं. मला वाटलं, कान सुधारला असेल, देवाची करणी. एकदा बायकोला घ्यायला डोणगावला गेलो होतो, तेव्हा मीही भजनाला बसलो आणि माझ्या ध्यानात आलं. सम जवळ आली की गजू खंजिरीवरचा हात कानाच्या वर उचलायचा, क्षणभर तिथंच धरायचा, मामाजींकडे बघायचा आणि मग खाली आणायचा. मामाजींची नजर त्या हातावर. हात खाली, की “वा!” गजू दुकानात आला तेव्हा मी विषय काढला. तो नजर चुकवत म्हणाला, “काकाले सांगू नका जवाईबुवा. त्यायची वा चुकली का लोकं हासतात, मले नाही पाहवत. आमचं काय जाते, हात जरासा वर गेला तं?”

नंतर मामाजींनी भजनाला जाणं बंद केलं. आज गुडघा दुखतो, उद्या सोयाबीन काढायचं, परवा जेवण जड झालं. गजू बोलवून बोलवून थकला. यंदा दिवाळीनंतर स्पर्धा डोणगावातच होती. त्या दिवशी सकाळी मी मामाजींकडे होतो. ते ओट्यावर बसून संत्र्याची पेटी बांधत होते. गजू आला. मामाजींच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाला, “काका, संध्याकाळी या. समोरची जागा तुमचीच आहे.”

“मी नाही येत.”

“काऊन नाही येत? गावची स्पर्धा आहे!”

मामाजींनी सुतळी खाली ठेवली. गजूचं मनगट धरलं आणि त्याचा हात त्याच्याच छातीपर्यंत वर नेला. “पयले एवढा जात होता तुहा हात,” ते म्हणाले. मग तोच हात पार कानाच्या वर नेऊन धरला. “आता इथवर जाते. अन् इथं थांबते. मले ऐकू येत नाही गजू, पण दिसते. तुहा हात इथं थांबला का खालचा ताल मोडते, पेटीवाला तुह्या तोंडाकडं पाह्यते, गाणाऱ्याचा श्वास अडकते. माह्या एका वा पायी तुम्ही सारं भजन लंगडं करून राह्यले. लेकरायनो, स्पर्धा आहे आज. मी नसलो का नीट वाजवसान.”

त्यांनी हात सोडला. एवढा दांडगा गडी, पण त्याला मान वर करता येईना. जमिनीकडे बघतच तो पुटपुटला, “तुम्ही नसले काका, तं नीट वाजलं का नाही हे आमाले सांगन कोण?”

मामाजींना अर्थातच ते ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणून राह्यला थो?”

मी त्यांच्या कानाशी वाकलो. छातीत श्वास भरून घेतला. समोरच्या ओट्यावर दोन बाया गहू निवडत बसल्या होत्या, रस्त्यानं माणसं चालली होती. गजूनं जे म्हटलं होतं ते हळूच कानात सांगायचं होतं, आणि हळू सांगितलेलं त्या कानाला आता पोचत नव्हतं. असलं बोलणं बोंब मारून कसं सांगायचं? माझ्याच्यानं झालं नाही.

“च्या घेऊन जातो म्हणते!” मी ओरडलो.

“मंग बसवा ना त्याले, उभा काऊन ठेवला?” मामाजी म्हणाले. गुडघ्यावर हात टेकत उठले, दारातून आत गेले, आणि मामी समोरच असावी, तरी त्यांचा मोठा आवाज बाहेरपर्यंत आला, “वं, चार कप मांड! गजू आला!”

गजू पायरीवर बसला.