एकाच ओट्यावर दोन घरांचा स्वयंपाक

"सोनिका, एवढी फाईल वामनरावले पाठवून दे वं. आन् त्यायले म्हणजो, आता दुसरं कोणी पाहा."

भाजीची पिशवी खांद्याला, एक पाय चपलेत, अशा अवस्थेत शोभाताई हे बोलल्या. दूध संपलंय, येताना आणते, असं सांगावं तितक्या सहज.

"दुसरं कोणी म्हणजे, आई?"

"म्हंजे मी नाही." दार लागलं.

सोनिकाचे हात तिच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर तसेच राहिले. लग्न होऊन ती मनीषनगरच्या या फ्लॅटमध्ये आली तेव्हापासून तिनं सासूला बाल्कनीच्या कोपऱ्यातल्या टेबलाशीच पाहिलं होतं. वामनरावांचा छापखाना गांधीबागेत. तिथल्या लग्नाच्या, मुंजीच्या, तेरवीच्या पत्रिका शोभाताई घरून जुळवून द्यायच्या. सोनिकाचा नवरा अमोल शाळेत असताना त्याचे बाबा गेले, तेव्हा या बाईनं मराठी टायपिंग शिकून घेतलं आणि पत्रिकांवर घर चालवलं. पण नुसतं टायपिंग नव्हतं ते. पत्रिका म्हणजे त्यांच्यासाठी अख्खं नाटक असायचं. "मामाचं नाव वर घे, नाही तं तो मांडवातच रुसून बसन," असं स्वतःशीच बडबडत त्या नावं लावायच्या. सगळ्यात शेवटी लहान मुलांची ओळ यायची. तिथे त्यांचा आवाज एकदम बोबडा व्हायचा, "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!" सोनिका पहिल्यांदा ते ऐकून दचकलीच होती. तिला वाटलं, घरात कुणाचं तरी पोर आलंय.

तेव्हा त्यांच्याकडे जुना, खोक्यासारखा कॉम्प्युटर होता. पंखा सुरू झाला की शेजारी पिठाची गिरणी आहे असं वाटायचं. गेल्या दिवाळीला सोनिकानं ठरवलं, आईंना चांगली मशीन द्यायची. ती स्वतः सॉफ्टवेअर कंपनीत, त्यामुळे घरात याबाबतीत तिचा शब्द शेवटचा. दुकानात शोभाताईंनी एकच प्रश्न विचारला होता.

"माह्या पत्रिकेचं यात चालन ना वं?"

"सगळं चालतं आई यात."

पत्रिकेचं म्हणजे नेमकं काय, कोणता प्रोग्रॅम, तो कशावर चालतो, हे तिनं विचारलं नाही. तिच्या ऑफिसात सगळ्यांकडे तीच मशीन होती, सडपातळ, आवाज न करणारी, सोनेरी. दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, यात रॅम, म्हणजे कामाची मेमरी, मागून वाढत नाही, घ्यायचीच तर मोठी घ्या." त्या मोठ्या मॉडेलमध्ये सोनेरी रंग शिल्लक नव्हता, म्हणून तिनं लहान मशीनच घेतली.

घरी आल्यावर कळलं की शोभाताईंचा मराठीचा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालतो, आणि ही मशीन विंडोजची नव्हती. मशीन बदलून आणता आली असती. पण बदलायची म्हणजे चुकले असं म्हणायचं. सोनिकानं त्याऐवजी त्या मशीनच्या आतच एक विंडोज बसवलं आणि जुनं खोकं पॅक करून माळ्यावर टाकलं. शोभाताईंनी कौतुकानं नव्या मशीनला हळदकुंकू लावलं.

आता सोनिका फाईल पाठवायला त्या मशीनपुढे बसली. बाण सरकवला तर तो जागचा हलेना, मग एकदम उडी मारून दुसरीकडे गेला. तिनं मेमरी दाखवणारी खिडकी उघडली.

आलेख लाल होता. वरपर्यंत लाल.

ती बघत राहिली. अर्धी मेमरी आतल्या विंडोजनं गिळली होती. उरलेल्या अर्ध्यात बाकीचं सगळं. शिवाय पत्रिकांमधले नवरा-नवरीचे मोठे फोटो. जागा पुरत नाही म्हणून मशीन सतत सामान डिस्कवर नेऊन ठेवत होती आणि परत आणत होती. हे तिला बाहेरच्या कुणी सांगितलं असतं तर तिनं आकडे ऐकूनच उत्तर दिलं असतं. घरात तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

"हे अडकून राहिलं वं," शोभाताई म्हणायच्या.

"तुम्ही घाई करता आई. हळू टाइप करा."

आणि मग ती दिघोरीच्या लग्नाची पत्रिका. प्रूफ पास झालेलं होतं. आयत्या वेळी मुलीच्या बापाचा फोन आला, हॉल संध्याकाळचा मिळत नाही, लग्न सकाळी. शोभाताईंनी वेळ बदलली. मशीन अडकली. त्यांनी हाक मारली, सोनिका हातात टूथब्रश घेऊन आली आणि बटण दाबून धरून मशीन बंद केली, परत सुरू केली. "घ्या, झालं." फाईल उघडली ती आधीची, संध्याकाळचीच. प्रूफ आधीच पास, म्हणून पुन्हा कुणी वाचली नाही; तीच छापून गेली. अर्धे पाहुणे पोचले तेव्हा मांडव उतरवणं चाललं होतं.

मुलीचा बाप छापखान्यात येऊन ओरडून गेला. वामनराव मात्र शोभाताईंना एक शब्द बोलले नाहीत. त्याचंच त्यांना जास्त लागलं.

"मी बदललं होतं," त्या रात्री जेवताना शोभाताई म्हणाल्या होत्या. "बदललं होतं ना वं?"

आणि सोनिकानं भाजी वाढत म्हटलं होतं, "राहून गेलं असेल आई. या वयात होतं असं."

त्यानंतर शोभाताई गॅस बंद आहे का ते पुन्हा पुन्हा पाहायला लागल्या. रोज बदाम भिजू लागले, ब्राह्मीची बाटली आली. त्यांची आई शेवटी पोटच्या लेकींना विचारायची, "बाई, तुम्ही कोण्या गावच्या?" घरात याबद्दल कुणी बोलत नसे. पण बदाम सोलताना शोभाताईंचा चेहरा कसा व्हायचा, ते सोनिकाला आत्ता आठवलं.

दार उघडलं. "पाठवली का फाईल?"

"नाही." सोनिका उठली. "आई, बसा जरा."

"काहून? काय झालं? अमोलचा फोन आला का?"

"नाही हो. आई... आपल्या ओट्यावर दोन घरांचा स्वयंपाक केला तर काय होईल?"

"डोस्कं फिरलं का तुहं? जागा कुठं पुरन? एकीनं कढई ठेवली का दुसरीनं परात उचलून खाली ठेवाची."

"तेच होतंय यात. सामान ठेवायचं कपाट मोठं आहे, पण काम करायचा ओटा लहान. आणि त्या ओट्यावर मी दोन घरं बसवली. तुमचं काम ज्यावर चालतं ती मशीन आधी बघायला हवी होती. मी रंग बघितला."

शोभाताईंना ते पटकन उमगलं नाही. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली. एक टोमॅटो घरंगळत खुर्चीखाली गेला.

"ते दिघोरीचं..."

"तुम्ही बदललं होतं. मी बटण दाबलं तेव्हा ते गेलं."

"मी विसरली नव्हती?"

"नाही आई."

"मी बदललं होतं."

"हो."

शोभाताईंनी खुर्चीखालचा टोमॅटो उचलून पिशवीत ठेवला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "आन् तू म्हणाली, वय."

"हो. म्हणाले."

"मले वाटलं, माय सुरू झाली माह्यात."

सोनिका स्टूल घेऊन माळ्याकडे वळली. खोकं उतरवलं, धूळ पुसली, तारा जोडल्या. गिरणी घरघरली. शोभाताईंनी कीबोर्डवर हात ठेवले आणि बोटं जुन्या वेगानं धावली. अक्षरं त्यांच्या बरोबरीनं उमटत गेली. त्यांनी मान वर केली नाही.

"वामनरावांना मी सांगते, आई. काम नका देऊ सोडून."

"वामनरावले मी सांगन. तू दिघोरीले फोन लाव."

"त्यांना? आई, ते किती चिडले होते..."

"त्यायच्या पोरीच्या लग्नाचं वाटोळं म्हातारीनं केलं, असं वाटून राहिलं त्यायले. लाव. इथंच, माह्यासमोर."

सोनिकानं नंबर लावला. घंटी वाजत होती. टेबलाशी शोभाताई पत्रिकेच्या शेवटच्या ओळीवर आल्या होत्या, आणि कितीतरी दिवसांनी तो बोबडा आवाज आला, जरा कापरा, "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं..."

"हॅलो, कोण?" पलीकडून जाडाभरडा आवाज.

टेबलाशी टायपिंग थांबलं.

"मी पत्रिकावाल्या शोभाताईंची सून बोलते," ती म्हणाली. "ती चूक त्यांची नव्हती. माझी होती."