वाघजाईच्या राईत पट्ट्याविना

कोल्हापूरच्या एस.टी. स्टँडवर गगनबावड्याची गाडी लागली तेव्हा आमच्या ह्यांच्या एका हातात पत्र्याचा लांबट डबा होता आणि दुसऱ्या हातात लाकडी फळ्यांचं दाबयंत्र (यात जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांमध्ये पानंफुलं दाबून वाळवतात). बाकीचं सगळं, म्हणजे कपड्यांची पिशवी, फिरकीचा तांब्या, दशम्या आणि छत्री, माझ्याकडे. हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण गजरा आणला तरी त्यातल्या फुलाचं कूळ सांगितल्याशिवाय हातात देत नाहीत.

“डब्यात काय, जिलबी?” कंडक्टरने विचारलं.

“रिकामा आहे.”

“मग रिकामा डबा मांडीवर घिऊन कशापायी बसलाय? ठेवा की वर!”

ह्यांनी डबा काही सोडला नाही. सात वर्षं हे घाटमाथ्यावरच्या आमरींवर प्रबंध लिहीत होते. आमरी म्हणजे झाडाच्या फांदीवर वाढणारं फुलझाड. सगळी प्रकरणं झाली होती, एकच राहिलं होतं. जांभळ्या जिभेची एक पांढरी आमरी ह्यांच्या हाती लागत नव्हती, आणि ह्यांच्या मार्गदर्शकांनी बजावलं होतं, की वाळवलेला नमुना आणल्याशिवाय शेवटचं प्रकरण वाचणारसुद्धा नाही. तो नमुना ह्या डब्यातून घरी यायचा होता.

ठावठिकाणा सांगितला होता धाकलूबाबांनी. ते गवळी धनगर. गगनबावड्याच्या वर डोंगरात त्यांचा धनगरवाडा (म्हशी राखणाऱ्या धनगरांची वस्ती), आणि दर महिन्याला ते आमच्याकडे तूप घालायला यायचे. ह्यांनी फुलाचं वर्णन केल्यावर ते म्हणाले होते, “हाय की आमच्या राईत. वैशाखात वाघजाईचा निवद असतोय. तवा पावण्यास्नी आत नेताव. या.”

गगनबावड्याला उतरलो आणि दोन तास चढलो. वारा असा, की छत्री उघडली ती उलटी झाली आणि पुन्हा सुलटी झालीच नाही. वाड्यावर दहा-बारा घरं, पुढे शेणाने सारवलेली अंगणं, आणि आमच्याकडे टक लावून बघणाऱ्या म्हशी. धाकलूबाबांच्या बायकोने, ठकूआजींनी, ताकाचे पेले भरून दिले. शहरात ताक म्हणून आपण जे पितो ते काय असतं, असा प्रश्न मला तिथे पडला.

राईच्या (देवासाठी राखलेल्या रानाच्या) तोंडाशी धाकलूबाबा थांबले. “पायतान काढा. कातडं आत चालत न्हाय. पट्टा बी काढा, पावणं.”

ह्यांचा चेहरा उतरला. प्रबंधापायी गेल्या दोन वर्षांत हे चांगलेच वाळले होते आणि पँट केवळ पट्ट्याच्या भरवशावर होती. शेवटी एका मुठीत पँट धरून हे आत शिरले. आता दाबयंत्र कुठल्या हाताने धरणार? ते राईच्या तोंडाशीच राहिलं.

आत वाघजाईचा शेंदूर लावलेला दगड. धाकलूबाबांनी त्याच्या उजव्या-डाव्या बाजूला फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. ह्याला कौल लावणं म्हणतात. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. त्यांनी आमच्या वतीने गाऱ्हाणं घातलं, “आई, पावणं शिकलेलं हायती. त्यास्नी अब्यासाला एक तुरा न्ह्याचा हाय. निऊ काय?”

डावी पडली.

“डावीला पाणी जास्त लागलं होतं,” हे म्हणाले.

पुन्हा लावला. पुन्हा डावी. मग ह्यांनी विनंती केली, की पाकळ्या मी चिकटवतो, दोन्हींना मोजून सारखं पाणी लावतो. एका हाताने पँट सांभाळत ह्यांनी त्या चिकटवल्या, आणि अर्धा तास गेला तरी एकही पडेना.

“देवी बी कटाळली,” धाकलूबाबा म्हणाले. “ऱ्हाऊ द्या. बगून घ्या, न्ह्याचं न्हाय.”

मग ठकूआजींनी आम्हाला राई दाखवली. इथलं वाळकं पानसुद्धा कुणी घरी नेत नाही. पडलेलं झाड जागेवरच कुजतं. खाली एका खडकातून झरा निघतो, त्यावर सगळा वाडा जगतो. “राई गेली तर झरा जाईल,” त्या म्हणाल्या. “झरा गेला तर म्हस जाईल. मग तुमास्नी तूप कोन घालनार?” इतकं सोपं करून आमच्या शाळेतही कुणी शिकवत नाही. मी स्वतः शिक्षिका आहे, म्हणून सांगते.

आणि तिथेच, झऱ्यावरच्या जांभळीवर, ती आमरी होती. पांढरी, जांभळ्या जिभेची. हे मान वर करून बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं ह्यांच्या. सात वर्षं शोधलेलं फूल हातभर अंतरावर, आणि हात लावायची सोय नाही! त्या भरात मूठ सैल झाली. मी धावले म्हणून वाघजाईसमोर अब्रू वाचली.

बाहेर आलो, जेवायला बसलो. नाचणीची भाकरी, घट्ट दही, कैरीची चटणी. ह्यांनी पहिला घास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि त्यांना ठसका लागला.

“डोकं हलवू नकोस,” हे कानाशी पुटपुटले.

मी हात वर नेला. माझ्या अंबाड्यात तो तुरा होता! झऱ्याच्या दगडावर एक तुरा गळून पडलेला मी पाहिला होता, एवढं आठवलं. उचलला कधी, माळला कधी, काही पत्ता नाही. खाली पडलेलं चांगलं फूल दिसलं की बाईचा हात डोक्याकडे जातो, त्याला काय करणार?

ठकूआजी दही वाढायला आल्या. “पोरी, पदर घे की डोक्यावरनं. वारं हाय,” त्या एवढंच म्हणाल्या. मी मुकाट्याने घेतला.

उतरताना हे पोरासारखे उड्या मारत होते. शेवटच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य तीनदा म्हणून दाखवलं. माझी मात्र पावलं जड झाली होती. अर्ध्या वाटेवर मी खाली बसले.

“अहो, हे परत द्यायला हवं.”

“अगं, तू मुद्दाम थोडंच घेतलंस?”

“नाही घेतलं. पण आता नेलं तर ते मुद्दामच.”

हे डब्यावर बसले. मी तुरा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी भिंग काढून एकेक पाकळी बघितली, देठ बघितला, जीभ बघितली. मला फार वाईट वाटलं. सात वर्षं रात्री-अपरात्री कंदील लावून लिहिताना मीच पाहिलं होतं त्यांना. तेवढ्यात खालून, घाट चढत येणाऱ्या शेवटच्या गाडीचा भोंगा ऐकू आला. धावलो असतो तर मिळाली असती.

“चल,” हे म्हणाले, आणि माझ्याआधी वर चढायला लागले.

ठकूआजी अंगणातच बसल्या होत्या. “गाडी चुकली व्हय?”

“नाही,” मी पदराखालून तुरा पुढे केला. “हे चुकलं.”

“बगिटलं हुतं की म्या.”

“मग बोलला का नाहीत?”

“पावण्याला चोर म्हणत न्हाय आमच्यात. त्येनं आपनहून माघारी यायची वाट बगायची.”

“आणि आलो नसतो तर?”

“तर ह्या म्हैन्यापास्नं तूप बंद,” धाकलूबाबा आतून म्हणाले.

तुरा होता तिथे ठेवला. दंड काय, हे विचारायला धाकलूबाबांनी पुन्हा कौल लावला. दर साली ह्याच दिवशी यायचं आणि राईच्या गडग्यावर (मातीशिवाय रचलेल्या दगडी कुंपणावर) दिवसभर दगड रचायचे, असा दंड चालेल का? उजवी पाकळी लावताक्षणी पडली. हे पाण्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. उलट त्यांनी घाईघाईने विचारलं, “दर साली? फुलायच्या वेळेलाच ना?”

मुक्काम करून दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला परतलो, रिकामा डबा मांडीवर घेऊन. त्यानंतर सहा वैशाख आम्ही गेलो. सकाळी दगड रचायचे, दुपारी हे कमरेला सुंभ बांधून झऱ्याशी चित्रं काढत बसायचे. कळीचं चित्र, फुलाचं, शेंगेचं, आणि आपल्या भाराने फांदी वाकल्यावर आमरी आपलं तोंड कुठे वळवते त्याचंही. ती चित्रं बघून मार्गदर्शकांनी नमुन्याविनाच शेवटचं प्रकरण वाचलं. नमुना वाळवून चिकटवला असता तर एवढं बघितलंच नसतं, असं हे आता स्वतःच सांगतात. मला मात्र एवढं ठाऊक आहे, की दंड माझ्या चुकीचा होता आणि शहाणे हे झाले.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला मी बाहेरच्या बाकावर बसले होते. दार उघडं होतं. परीक्षकांनी शेवटचं प्रकरण चाळलं, चित्रं पाहिली, आणि चष्मा काढून विचारलं, “सगळं ठीक आहे, पण नमुना कुठे आहे?”

“जागेवर आहे,” हे म्हणाले. “बघायचा असेल तर वैशाखात या. फक्त येताना पट्ट्याऐवजी नाडा बांधून या.”